मार्थाबाईंचा मांडव

मार्थाबाई साळवे कुठल्याही नव्या जागेत शिरल्या, की आधी भिंतींकडे बघायच्या आणि मग माणसांकडे. आमच्या भिवंडीतल्या बँकेत पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्यासमोर बसायच्या आधी त्यांनी सगळ्या शाखेवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हे काउंटर काढलं ना, तर पन्नास-साठ माणसं आरामात बसतील हो इथं." मी दचकून वॉचमनकडे पाहिलं. बँकेचं काउंटर काढायची भाषा करणारी बाई, आणि तीही पांढरी साडी नेसलेली, गळ्यात बारीक क्रूस, आवाज साखरेत घोळवलेला. वॉचमन उठून उभा राहिला, पण सलाम ठोकायला. त्याच्या पायाचं गळू त्यांनीच बरं केलं होतं.

पुढे ओळख वाढली तशी मला या खोडीची सवय झाली. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, मार्थाबाई माणसं मोजायच्या. एकदा शेजारच्या घरी तेराव्याला आम्ही पंगतीत बसलो होतो. घरातली बाई डोळे पुसत वाढत होती, आणि मार्थाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हॉल मोठा आहे, पण तो खांब मध्ये येतोय. मागच्यांना पाळकसाहेब दिसायचे नाहीत." मला हसू आवरेना. तेराव्याच्या पंगतीत हसणं शोभत नाही म्हणून मी पाण्याचा घोट घेतला आणि तो नाकात गेला.

त्यांच्या या मोजदादीला कारण होतं. त्यांच्या मंडळीला जागा नव्हती. मराठी बोलणारी, बहुतेक नगरकडून आलेली ख्रिस्ती माणसं. कुणी नर्स, कुणी शाळेत शिक्षिका, कुणी गोदामावर पहारेकरी, आणि अंबाडीकडून शेअर रिक्षानं येणारी दोन-तीन कुटुंबं. सगळे मिळून एका लग्नाच्या बसमध्ये मावतील इतके. त्यांनी धामणकर नाक्याच्या मागे, एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यावरचा गाळा भाड्यानं घेतला होता. खाली लूमची खटखट, वर उपासना. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, कल्याणहून यायचे. त्यांचा उपदेश त्या आवाजात कुणाला धड ऐकू यायचा नाही, आणि माझा आपला अंदाज आहे, की म्हणूनच तो सगळ्यांना आवडायचा. गायचं तर घसा ताणून, प्रार्थना करायची तर ओरडून. त्या मंडळीतल्या लोकांना हळू बोलताच यायचं नाही. घरातही ते एकमेकांना मीठ मागायचे तर शेजाऱ्याला कळायचं.

उपासनेच्या शेवटी साक्ष असायची. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. कुणाचा ताप उतरला, कुणाला नोकरी लागली, कुणाच्या नवऱ्याची बाटली सुटली. एका बाईनं एकदा साक्ष म्हणून सासूची गाऱ्हाणीच सुरू केली. लोक चुळबुळ करू लागले, तर मार्थाबाईंनी डोळे वटारले. "साक्षीला आडवं जायचं नाही," असा त्यांचा दंडक होता. "तिचं देवाशी चाललंय. आपण कोण मध्ये पडणार?"

पोटासाठी त्या नाक्यावरच्या एका डॉक्टरांकडे ड्रेसिंगचं काम करायच्या. लूमवर बोट सापडलेले, ट्रकवरून पडलेले, मारामारीत डोकं फुटलेले, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. गावातली माणसं त्या नावानं कमी आणि जखमेनं जास्त ओळखायच्या. रस्त्यानं चालता चालता मला सांगायच्या, "तो बघा, उजवा अंगठा. आणि ती बाई, भाजलेला पाय, फार सोसलं हो तिनं." सगळ्यांना त्या सलाम करायच्या, नगरकडच्या ख्रिस्ती माणसांची तीच रीत. समोरून "वालेकुम अस्सलाम सिस्टर" असं उत्तर आलं, की त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. गावभर ज्यांच्या जखमा आपण धुतल्या, ते आपलं वाईट करणार नाहीत, अशी त्यांची पक्की समजूत होती. खोटं कशाला बोलायचं, माझीही होती.

आमच्या घरात त्या आल्या त्या आईमुळे. आईला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. गावाकडे भाऊ होता, जमीन होती, घर होतं, पण डॉक्टर इथं होता, म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. दवाखाना सुटला की मार्थाबाई रोज यायच्या. तेल कोमट करायच्या, हात मांडीवर घ्यायच्या, एकेक बोट उलगडायच्या. तोंडानं पुटपुटत प्रार्थना चाललेली. आमची आई गावदेवीची भक्त. तिनं एक दिवस विचारलं, "तुजा देव आपली भाषा आयकतंय का गो, मार्था?"

"नगरची ऐकतो, आजी," मार्थाबाई म्हणाल्या. "तुमची आगरी अजून शिकतोय. तुम्ही बोलत राहा, म्हणजे त्याला सवय होईल."

दोघी हसल्या. मी देवधर्माच्या बाबतीत जन्माची आळशी. पण हळूहळू आईची बोटं हलली, मग मनगट, आणि एका संध्याकाळी तिनं उजव्या हातानं चहाचा कप उचलला. अर्धा चहा साडीवर सांडला आणि तिघी रडलो. मी म्हटलं, तेलाची आणि व्यायामाची कमाल आहे. मार्थाबाई म्हणाल्या, "असेल. तेल त्यानंच केलंय."

मग त्यांच्या गाळ्याची इमारत धोकादायक ठरली. पालिकेचे लोक दारावर नोटीस चिकटवून गेले. खालचे लूम दुसरीकडे गेले, वरच्या मंडळींनी खुर्च्या उचलल्या. तोंडावर गुड फ्रायडे आणि ईस्टर. पाळक म्हणाले, यंदा घराघरांत करू. मार्थाबाईंना ते पटेना. माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसली तर ती मंडळी कसली, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भाजी मंडईमागचं छोटं मैदान हेरलं होतं, नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. "तिथं गणपती बसतो, कव्वाली होते, भीमजयंती होते. आपला चार दिवसांचा मांडव कुणाला जड होणार आहे?" हे म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मला का कोण जाणे, ते ऐकताना बरं वाटलं नाही.

परवानगी मिळाली. चौकीतले साहेब जुने होते, नीट बोलले. एवढंच म्हणाले, "बाई, आवाज मांडवाबाहेर जाऊ देऊ नका. दिवस बरे नाहीत." मार्थाबाई मान हलवून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "साहेबांच्या भुवईवरची खूण पाहिलीत? माझंच ड्रेसिंग."

मांडववाल्यानं आधी हो म्हटलं. बांबू उभे केले, आडव्या काठ्या बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी आला तो नजर चुकवत. "सिस्टर, कपडा सगला लग्नात गेला. सॉरी." त्याच्या टेम्पोत कपडा दिसत होता. मार्थाबाईंनाही दिसला असणार. त्या म्हणाल्या, "असू दे बाळा. लग्नही देवाचंच काम." तो टेम्पो इतक्या घाईनं वळवून गेला, की भाजीवालीची टोपली उडाली.

नुसत्या बांबूंचा तो सांगाडा तसाच उभा राहिला. समोरच्या कोपऱ्यावर रोज संध्याकाळी एक मोटरसायकल येऊन थांबायला लागली. तिच्यावर दोघं असायचे, काही बोलायचे नाहीत, करायचे नाहीत. नुसते बघायचे, मधूनच फोन वर धरायचे. भाजीवाल्या बायका हटकून मला विचारायला लागल्या, "ताई, तुम्ही पण जाणार काय तिथं?" काही वाईट झालं असतं तर निदान त्याला नाव देता आलं असतं. तसं काही होत नव्हतं. फक्त ज्याच्याशी बोलावं तो एक पाऊल मागे सरकत होता.

आणि एका दुपारी संदेश आला. आमच्याच गल्लीतला, पंचविशीचा, त्या मोटरसायकलवाल्यांत ऊठबस असलेला. हनुवटीवर जुनी जखम. मार्थाबाई मैदान झाडत होत्या, मी अंथरायच्या सतरंज्या मोजत होते.

"सिस्टर," तो म्हणाला, "यंदा नको. मी सांगतोय म्हणून ऐका. घरात काय ते करा."

"का रे? कोण काय करणार आहे?"

"ते मी नाय सांगू शकत."

"तुझ्या हनुवटीचे टाके मी काढलेत, संदेश. किती रडला होतास. आणि आता मला घाबरवायला आलास?" त्या हसत होत्या.

तो हसला नाही. "म्हणूनच तर सांगायला आलो ना," एवढंच बोलून निघून गेला. मार्थाबाई त्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "गुणी पोरगा आहे." मी मात्र सतरंज्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. धमकी देणाऱ्याशी भांडता येतं, पण हा काळजीनं आला होता.

कपड्याचा प्रश्न अन्सारीचाचांनी सोडवला. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कापडाचं दुकान. लूमवरून उतरलेलं कोरं कापड, न धुतलेलं, न रंगवलेलं. त्यांनी हातगाडीवरून तागे पाठवले. "ले जाओ सिस्टर. कपडा तो कपडा है, शादी का हो या इबादत का." संध्याकाळपर्यंत मांडव उभा राहिला. रंग नाही, झालर नाही, सगळा फिकट पांढरा. मी आईला रिक्षातून दाखवायला नेलं. ती मान वर करून म्हणाली, "मयतावरचा कपरा दिसतंय गो." मी तिला गप्प केलं, पण एकदा म्हटल्यावर मलाही दुसरं काही दिसेना.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. बाहेरगावच्या माणसाला याचं काही वाटणार नाही, पण आम्ही बारा महिने त्या खटखटीत राहतो. ती थांबली की कान बधिर झाल्यासारखे होतात. गुड फ्रायडेची उपासना भर दुपारची. बँकेला सुट्टी होती, आईनं हट्ट धरला, मी तिला घेऊन गेले. ऊन असं की कापडातूनही डोळ्यांवर येत होतं. माणसं निमूट आली, निमूट बसली. रस्त्यापलीकडे मोटरसायकल होती, आणि आज तिच्या शेजारी आणखी चार होत्या.

आणि इथं त्या मंडळींची चूक झाली. त्यांच्याशिवाय ती कुणी केली नसती. लूमच्या वर आवाज काढायची त्यांना इतक्या वर्षांची सवय. हातात माइक आला तरी जो तो ओरडूनच बोलत होता. साहेबांनी सांगितलेलं मार्थाबाई विसरल्या नव्हत्या, त्यांनी भोंगा लहान ठेवला होता. पण घसे कोण लहान करणार? शुक्रवारच्या त्या शांततेत एकेक शब्द मंडईच्या पत्र्यांवरून नाक्यापर्यंत जात होता. आत बसलेल्यांना वाटत होतं, आपण नेहमीसारखंच बोलतोय.

उपदेश संपल्यावर पाळक खाली वाकून मार्थाबाईंना म्हणाले, "आज साक्ष नको. आशीर्वाद देतो आणि संपवतो." मी शेजारीच होते. मार्थाबाईंनी बाहेर पाहिलं. त्यांनाही मोटरसायकली दिसल्या असणार.

"गाळ्यात कधी कुणाला अडवलं नाही, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "मांडवात आलो म्हणून अडवायचं?"

दोघं-तिघं बोलले. आणि मग, मी पदर धरायच्या आत, माझी आई उठली. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती जन्मभर ओरडूनच बोलत आली. तिनं माइक डाव्या हातात घेतला.

"मी जनाबाई," ती म्हणाली. "मी हिंदू हाय, गावदेवीची भक्त हाय. माजा ह्यो हात मेला व्हता. ही मार्था रोज घरा येते, तेल लावते, तिच्या देवाजवल मागते. आता बगा." आणि तिनं उजवा हात हळूहळू, कापत, डोक्याच्या वर नेला.

मांडवात "हालेलूया" झालं. बायका रडल्या. मार्थाबाईंनी दोन्ही हात छातीशी धरले. मी रस्त्याकडे पाहिलं. पलीकडेही हात वर गेले होते, सगळ्यांच्या हातात फोन होते.

संध्याकाळी गावाकडून भावाचा फोन आला. "आईला काय केलंस तू?" त्याच्या फोनवर मांडवातला व्हिडिओ आला होता, कापून छोटा केलेला. त्यात गावदेवी नव्हती, तेलही नव्हतं. आई फक्त म्हणत होती, की हात मेला होता आणि मार्थाच्या देवाजवळ मागितलं. भावाचे जमिनीचे व्यवहार त्या मोटरसायकलवाल्यांच्याच लोकांमध्ये. तो ओरडत होता, पण त्याच्या आवाजात मला रागापेक्षा भीती जास्त ऐकू आली.

शनिवारी मार्थाबाईंना चौकीत बोलावलं. मी सोबत गेले. आजारी म्हातारीला बरं करायचं आमिष दाखवून बाटवण्याचा प्रयत्न केला, असा अर्ज आला होता. साहेबांनी पंख्याचा रोख आमच्याकडे केला आणि समजुतीनं बोलले.

"बाई, सरळ विचारतो. त्या आजी वाटेनं जाताना आत आल्या, त्यांनी माइक घेतला, तुमची त्यांची काही ओळख नाही, असं असेल तर यात काही उरत नाही. पण ओळख असेल, तुम्ही घरी जाऊन प्रार्थना करत असाल, तर मला आजींना इथं आणून बसवावं लागेल. बाहेर ही पोरं असतील. तुम्हाला आणि तुमच्या पाळकांना मी घरी पाठवू शकणार नाही. बोला, ओळखता?"

मार्थाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी सांगितलं तर चालेल, साहेब?"

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. "मार्थाबाई, एक वाक्य आहे. म्हणून टाका. आई चौकीतल्या बाकावर बसली तर मरेल हो ती."

"माझी साक्ष विचारतायत ते," त्या म्हणाल्या. "खोटी देऊ?"

एरवी त्या म्हणायच्या, खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं आणि माझं डोकं आधीच इंजेक्शनांनी भरलंय. त्या दिवशी हा विनोद त्यांनी केला नाही. त्या तशाच आपल्या गल्लीत वळल्या. मी चिडले. देव-देव करत हिला माझी आई दिसत नाही, असंही मनात आलं.

पाळकांनी ईस्टरची उपासना रद्द केली, सगळ्यांना घरीच राहायला सांगितलं. रविवारी सकाळी मार्थाबाई एकट्या मांडवात गेल्या, अन्सारीचाचांचं कापड उतरवायला. मी मदतीला गेले. आई झोपली होती म्हणून दाराला बाहेरून नुसती कडी लावली होती. लूम पुन्हा सुरू झाले होते, गावभर खटखट. मोटरसायकलवाले आज अलीकडे येऊन उभे होते, मांडवाच्या अगदी बांबूंना टेकून. साहेबही हवालदाराला घेऊन आले, कालचं उत्तर घ्यायला. मार्थाबाई स्टुलावर उभ्या राहून गाठी सोडत होत्या.

तेवढ्यात आई आली. शेजारणीला हाक मारून तिनं कडी काढून घेतली होती. चांगलं लुगडं नेसलेली, केसात फूल. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की ख्रिस्ती लोकांचा आज मोठा सण. त्या पोरांच्या मधून वाट काढत ती आली, आणि त्यातला एक वाकून अगदी गोड आवाजात म्हणाला, "आजी, यांनीच बोलावलं ना तुम्हाला? सांगा, घाबरू नका. आम्ही आहोत." फोन तिच्या तोंडासमोर होता. संदेश त्याच्या मागे उभा होता.

आईनं त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. तिनं वर बघून विचारलं, "मार्था, प्रार्थना न्हाय का गो आज?"

मार्थाबाई स्टुलावरून उतरल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "कोण तुम्ही?" त्या म्हणाल्या. लूमच्या आवाजावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी तुम्हाला ओळखत नाही."

आई हसली. तिला वाटलं, थट्टा आहे. "आगो, मी जनाबाई."

"असाल. परवा मध्येच घुसून माइक घेतलात. आज पुन्हा आलात. कुणी बोलावलं तुम्हाला? मी नाही ओळखत. घरी जा."

आईचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ निघून गेला. साहेबांनी जपून विचारलं, "म्हणजे ओळख नाही? तसं लिहून घेऊ?"

"नाही ओळखत," मार्थाबाई म्हणाल्या. "लिहा."

संदेशला सगळं माहीत होतं. रोज संध्याकाळी आमच्या जिन्यात तो त्यांना पाहायचा. त्यानं मान खाली घातली आणि तो बोलला नाही. फोन खाली गेले. आई वळली. तिला घरी नेताना माझ्या लक्षात आलं, की तिचा उजवा हात अंगाशी घट्ट धरलेला आहे.

अर्ज चौकशीवर राहिला. फेटाळला नाही, पुढेही सरकला नाही, नुसता होता. म्हणून मार्थाबाई परत आमच्या घरी आल्या नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. मी एकदा गेले आणि म्हटलं, मागच्या जिन्यानं या, कुणी बघणार नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या. "ओळखत नाही म्हणाले ना मी. आता भेटले तर ते खोटं ठरेल, आणि अडकतील आजी." दार लोटून घेताना त्यांनी विचारलं, "हात वर जातो?" मी म्हटलं, खांद्यापर्यंत. तेल मी लावत होते, पण माझ्या हातात ते नव्हतं.

पाळकांकडून मला पुढचं कळलं. मंडळीला एका घरात जागा मिळाली होती. मार्थाबाई सगळ्यांच्या आधी जायच्या, झाडायच्या, प्रभूभोजनाची, म्हणजे त्यांच्या पवित्र प्रसादाची, भाकर आणि पेले मांडायच्या. आणि सगळे घ्यायला उठले की मागच्या भिंतीला बसून राहायच्या. त्या दिवसापासून त्यांनी ते घेतलं नाही. पाळकांनी समजावलं, की तुम्ही जीव वाचवायला बोललात. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे कशासाठी बोलले. पण बोलले ना?" त्यांच्या धर्मात एका शिष्यानं आपल्या गुरूबद्दल भीतीपोटी अगदी हेच वाक्य तीनदा म्हटल्याची गोष्ट आहे, आणि ती नेमकी त्याच आठवड्यात वाचतात, हेही पाळकांनीच सांगितलं. चौकीबाहेर मी ज्या बाईवर चिडले होते, तिनं माझ्या आईसाठी आपल्या देवापुढची जागा सोडली होती.

आईला मी सगळं समजावलं, एकदा नाही, अनेकदा. ती ऐकून घ्यायची. "पोरांसमोर म्हनली, ठीक हाय," ती म्हणायची. "मंग घरा यवाचा व्हता ना. मी काय वाघ हाय?" बाजारात दोघी समोरासमोर आल्या तर मार्थाबाई रस्ता ओलांडायच्या आणि आई तोंड फिरवायची. मोटरसायकल कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावर असायचीच.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर मार्थाबाई तापानं गेल्या. दवाखान्यात त्या किती दिवस होत्या तेही आम्हाला नंतर कळलं. मी आईला सांगितलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "माजा लुगरा कार."

दफन कल्याणला होतं. माणसं बरीच होती, आमच्या नाक्यावरचीही. अन्सारीचाचा काठी टेकत आले होते. दफनभूमीच्या फाटकाशी एक तरुण उभा होता, आमच्या गावचा नव्हे, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. नीटनेटका शर्ट, हातात फोन. तो आत येणाऱ्यांशी अदबीनं बोलत होता. आईला बघून पुढे झाला.

"या आजी, हळू. तुमच्या कोण होत्या त्या? तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या फोनकडे. तिनं माझा दंड धरला. बोटं रुतली इतका घट्ट.

"न्हाय बाबा," ती ओरडून म्हणाली. "माजी कोन न्हाय ती. मी वलखत न्हाय."

आणि आत जाऊन ती भर उन्हात खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली, माती पूर्ण पडेपर्यंत.